मंचावमधलं मीठ

सूप ही पार्सल आणायची वस्तूच नाही, असं माझं आता ठाम मत झालं आहे. बिर्याणी पार्सलमध्ये मुरते, मंच्युरियन फार तर मऊ पडतं, पण सूपचं काही खरं नसतं. डबा घरी पोचेपर्यंत ते कोमट होतं. तसंच ठेवलं तर खळीसारखं थिजतं, आणि परत उकळलं तर पातळ होऊन भाज्या तळाशी बसतात. सोबतच्या पुडीतल्या तळलेल्या नूडल्स तोवर वातड झालेल्या असतात. तरी बरीच वर्षं आम्ही पार्सलच आणत होतो, कारण बाबांना हॉटेलात नेणं जमेनासं झालं होतं.

माझं माहेर नौपाड्यात, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत. तळमजला अधिक तीन, आणि आई-बाबा वरच्या टोकाला. रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा नेमाने होतात, वेफर्सची ताटली फिरते, कार्पेट एरियावरून आवाज चढतात आणि सगळे आपापले जिने चढून घरी जातात. बाबांचे गुडघे त्या जिन्यांना आता फक्त डॉक्टरसाठी तयार होतात. मग डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळीबरोबर मिठावरही बोट ठेवलं. ‘चवीपुरतं’ चालणार नाही, मोजून घ्यायचं. पार्सलचं सूप तिथेच संपलं, कारण त्यात मीठ किती हे कोणी सांगत नाही, आणि विचारलं तर गल्ल्यावरचा माणूस ‘नॉर्मल आहे मॅडम’ म्हणतो.

बाबा मागण्या करणारे नाहीत. लोणचं गेलं, पापड गेला, फरसाण गेलं, त्यांनी चकार शब्द काढला नाही. पण एका रविवारी आईने दुधी भोपळ्याचं सूप पुढ्यात ठेवल्यावर ते म्हणाले, “हे छान आहे. पण सूप म्हणजे मंचाव.”

तर मंचाव.

आमच्या घरात बाहेर जेवणं ही गोष्ट गडकरी रंगायतनमुळे आली. मासुंदा तलावाच्या काठावर ते १९७८ साली उभं राहिलं आणि ठाण्यातल्या नोकरदार घरांना नाटकासाठी दादरला जायचं कारण उरलं नाही. माझ्या लहानपणी नाटक सुटलं की तलावपाळीवरून भेळेच्या गाड्यांना वळसा घालत आम्ही चौघं चालत निघायचो, आणि महिन्याची पहिली तारीख जवळ असेल तर बाबा अचानक एका चायनीज हॉटेलकडे वळायचे. आत लाल कंदील, टेबलावर काच, काचेखाली मेनू. ऑर्डर ठरलेली असायची: दोन व्हेज मंचाव, वन बाय टू. म्हणजे दोन सूपचे चार बाउल. वाटणी वेटर आतूनच करून आणायचा आणि ती इतकी बिनचूक असायची की मी आणि दादा बाउल शेजारी-शेजारी लावून, डोळे टेबलाच्या पातळीला आणून तपासायचो, तरी भांडायला कारण सापडायचं नाही. नूडल्सची वाटी मात्र एकच. ती दादाच्या बाजूला सरकायची.

‘वन बाय टू’ या व्यवस्थेवर कोणीतरी नीट लिहायला हवं. मध्यमवर्गाला हॉटेलच्या दारातून आत आणण्यात तिचा मोठा हात आहे. जेवण अर्धं मागवायची लाज वाटते, सूप अर्धं मागवायची वाटत नाही. असो.

घरी करायला घेतलं तेव्हा मला वाटलं होतं की गोष्ट सॉसच्या बाटल्यांची आहे. सोया सॉस, चिली सॉस, व्हिनेगर, कॉर्नफ्लोअर आणले की झालं. ओट्याशी आई उभी होती. मी पाण्यात भाज्या उकळत ठेवल्या, सॉस घातला, कॉर्नफ्लोअर लावलं. आईने पळीने ढवळून बघितलं आणि म्हणाली, “ही पीठ लावलेली आमटीच की गं.” आणि खरंच ती आमटीच होती. आपण पातळ पदार्थ करतो तो उकळत, आटवत, मुरवत. सगळं एकात एक उतरलं पाहिजे हा आपला हिशेब. हॉटेलातला कारागीर सूप शिजवत नाही, जुळवतो. कढई धूर येईपर्यंत तापते, तेलात बारीक चिरलेलं आलं, लसूण, मिरची, कोथिंबिरीची देठं पडतात, लसणाला रंग यायला लागला की भाज्या आत जातात, लगेच बाजूच्या मोठ्या पातेल्यातून गरम स्टॉक, मग सॉस, मिरी, कॉर्नफ्लोअरचं पाणी, आणि सूप बाहेर. कोबी दाताखाली वाजतो, कारण त्याला मऊ पडायला सवडच मिळत नाही. वाटण तर मुळीच चालत नाही. आल्या-लसणाची पेस्ट घातली की रस्सा गढूळ होतो आणि सगळ्याला मसालेभाताचा वास मारतो. सुरीने चिरलेल्या लसणाचे कण तळून निघतात, प्रत्येक घासाला वेगळे लागतात.

हॉटेलच्या भट्टीची आच घरच्या गॅसला येत नाही, हे मान्य करून टाकावं. पण लोखंडी कढई रिकामी तापवली आणि एकदम चार माणसांचं न करता थोडं थोडं केलं तर बराच फरक पडतो. स्टॉकसाठी मी काही विकत आणलं नाही. कोबीचा दांडा, गाजराची सालं, फरसबीची टोकं, पातीच्या कांद्याची मुळं, मशरूमचे देठ, सगळं स्वच्छ धुऊन पाण्यात उकळलं. मशरूमचे देठ यात फार कामाचे. ह्या एका कृतीवर आई खूष झाली. आजवरच्या माझ्या स्वयंपाकात वाया न घालवण्याचा गुण तिला पहिल्यांदाच दिसला असावा.

पांढरी मिरी हवी, हे मला बरंच उशिरा कळलं. काळी मिरी आणि पांढरी मिरी एकाच वेलीची. पिकलेले दाणे भिजवून साल काढली की आतला पांढरा दाणा उरतो. काळ्या मिरीचा सुगंध सालीत असतो, तो जातो. उरतो तो घशाशी लागणारा जाळ आणि थोडा मातकट वास. हॉटेलच्या सूपला नाकाजवळ नेल्यावर जो ‘चायनीज’ वास येतो त्यातला बराचसा हाच. जांभळी नाक्यावरच्या वाण्याकडे ती सहज मिळाली.

कॉर्नफ्लोअरबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण घरच्या सूपची बहुतेक गडबड तिथे होते. कॉर्नफ्लोअर म्हणजे भाकरीचं पिवळं मक्याचं पीठ नव्हे, मक्यातला निव्वळ स्टार्च. त्याचे कण थंड पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगतात. पाणी साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला पोचलं की ते पाणी पिऊन फुगू लागतात आणि त्यानंतर उकळी आल्यावरच सूप पुरतं दाट होतं. म्हणून आधी थंड पाण्यात कालवायचं. गरमात कोरडं टाकलं तर गुठळीचं बाहेरचं आवरण लगेच चिकट होतं आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. आणि दाट झाल्यावर उकळत ठेवायचं नाही. फुगलेले कण फार वेळ उकळले की फुटतात, आंबट असेल तर आणखी लवकर, कारण आम्ल स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. व्हिनेगर शेवटी, गॅस बंद केल्यावर.

हे मी आईला समजावून सांगत होते तर ती म्हणाली, “त्यात काय नवीन? डाळ शिजायच्या आधी चिंच घातलीस तर शिजेल का?” कारण उलटं आहे. डाळीला आम्ल मऊ होऊ देत नाही, स्टार्चला ते तोडतं. पण नियम एकच, आंबट शेवटी, आणि तो तिला माझ्याआधी ठाऊक होता.

त्याहून मोठा धडा मिळाला उष्ट्या चमच्याचा. दुपारी केलेलं सूप चांगलं दाट होतं. रात्रीसाठी निम्मं ठेवलं होतं. रात्री झाकण काढलं तर पाणी. कोणी ओतलं यात पाणी? कोणीच नाही. बाबा मात्र वर्तमानपत्रात जरा जास्तच खोल गेले होते. चौकशीअंती कळलं की संध्याकाळी त्यांनी सूप कोमट असताना पातेल्यातूनच चमच्याने ‘नुसतं बघितलं’ होतं, आणि तोच चमचा परत घालून पुन्हा दोन-तीनदा बघितलं होतं. लाळेत अमायलेज नावाचं एन्झाइम असतं. त्याचं कामच स्टार्चचे तुकडे करून साखर करायचं. थोडी लाळ पातेल्यात गेली की ते निवांत काम करत बसतं. सूप उकळतं असतं तर उष्णतेने ते निकामी झालं असतं, कोमट सूप त्याला मानवतं. आईने उष्टं-खरकटं यावरून आयुष्यभर आम्हाला दटावलं आणि आम्ही तिला सोवळ्याची म्हणून चिडवलं. त्या रात्री ती बाबांकडे नुसती बघत राहिली. बोलली नाही, हे जास्त लागलं.

आता मीठ. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे साधारण २ ग्रॅम सोडियम. मोठा चमचाभर सोया सॉसमध्येच ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, आणि मंचावला तपकिरी रंग आणायचा तर हात सढळ सुटतो. मी सोया सॉस निम्म्यावर आणला, मीठ निम्म्यावर आणलं. रंग फिका पडला ते चाललं असतं, पण चवच बसेना. बाबा शहाण्यासारखे “छान झालंय” म्हणायचे आणि बाउलच्या तळाशी दोन बोटं सूप ठेवून उठायचे.

तेव्हा अजिनोमोटोचा, म्हणजे एमएसजीचा (मोनोसोडियम ग्लुटामेट), विषय निघाला. घरात शिवी दिल्यासारखी शांतता पसरली. आमच्या पिढीला आणि आईच्या पिढीला तो शब्द म्हणजे गाडीवरचं चायनीज, पोट बिघडणं, डोकं दुखणं. आणि २०१५ मध्ये मॅगीवर बंदी आली तेव्हा शिसं आणि एमएसजी ही दोन नावं एका दमात इतक्यांदा घेतली गेली की दोन्ही सारखीच विषारी असावीत असं लोकांनी ठरवून टाकलं. त्याच ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी उठवली. शंका उठल्या नाहीत.

मूळ गोष्ट बरीच साधी आहे. १९०८ मध्ये टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीच्या रश्शाची ती गोड-खारट-आंबट-कडू यांपैकी कशातच न बसणारी चव कशामुळे येते याचा शोध लावला. ते निघालं ग्लुटामेट. पिकलेल्या टोमॅटोत तेच असतं, मशरूममध्ये तेच, मुरलेल्या चीजमध्येही. त्याचं पांढरं मीठ करून पुढच्याच वर्षी ते बाजारात आलं. १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरचं पत्र छापून आलं, की चिनी हॉटेलात जेवल्यावर मानेला मुंग्या येतात, धडधडतं, तर कारण काय असावं? त्यांनी तीन-चार शक्यता मांडल्या होत्या. जगाने त्यातली एक उचलली. नंतर कशात एमएसजी आहे हे खाणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही न सांगता ज्या चाचण्या झाल्या, त्यांत एमएसजीचा तसा सातत्याने दिसणारा परिणाम आढळला नाही.

पण माझ्या कामाची गोष्ट वेगळीच होती. साध्या मिठात वजनाच्या सुमारे ३९ टक्के सोडियम असतं. अजिनोमोटोत १२ टक्के. म्हणजे थोडं मीठ काढून त्याजागी चिमूटभर हे घातलं तर सोडियम कमी होतं आणि जीभ तक्रार करत नाही. ज्याला आम्ही घराबाहेर उभं केलं होतं तेच बाबांच्या पथ्याला उपयोगी निघालं. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सगळ्याचं मिळून सोडियम मोजा, नावावर जाऊ नका. आईने पुडी मसाल्याच्या डब्यात ठेवू दिली नाही. ती फ्रीजच्या वर, होमिओपॅथीच्या गोळ्यांशेजारी असते.

एवढं करूनही बाबांचं समाधान नव्हतं. “जवळ आलंय,” म्हणायचे. काय कमी आहे ते त्यांना सांगता येईना आणि मला सापडेना. स्टार ॲनिस घालून पाहिलं, सेलरी घालून पाहिली, आरारूटही लावून पाहिलं. आरारूटने सूप जास्त पारदर्शक होतं आणि आंबटपणाही ते बरा सोसतं, पण तो पोत हॉटेलचा नव्हे.

उत्तर दादाने फोनवर दिलं, तेही दुसऱ्याच गप्पांत. म्हणाला, “बाबा सूपमध्ये ती मिरची ओतायचे ते आठवतं का? निम्मी बाटली संपवायचे, वेटर बघत राहायचा.”

टेबलावरच्या त्या तीन बाटल्या! सोया सॉस, लाल चटणी, आणि व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या हिरव्या मिरचीच्या चकत्या. बाबा सूप आलं की आधी मिरचीच्या व्हिनेगरचे दोन-तीन चमचे घालायचे, मग चव घ्यायचे, मग पुन्हा एक. इतकी वर्षं ते ज्या चवीची आठवण काढत होते ती आचाऱ्याने केलेली नव्हतीच. स्वयंपाकघरातून यायचं ते निम्मं सूप, उरलेलं बाबा टेबलावर स्वतः करायचे. हॉटेलात सूप विकत घेतो तेव्हा आपण त्या बाटल्याही विकत घेतो, आणि पार्सलमध्ये नेमक्या त्याच येत नाहीत.

काचेच्या बरणीत मिरच्या चिरून त्यावर सिंथेटिक नव्हे, साधं पांढरं ब्रूड व्हिनेगर ओतलं, चिमूटभर साखर घातली. मीठ नाही. आंबटपणाने मिठाची उणीव बऱ्यापैकी झाकली जाते, आणि व्हिनेगरमध्ये सोडियम जवळपास नसतंच. शिवाय ते बाउलमध्ये पडतं, लोखंडी कढईत नाही, त्यामुळे लोखंडाची चव उतरायचा प्रश्न नाही आणि स्टार्चही तुटत नाही. जे मी गॅसवर साधू पाहत होते ते सगळं टेबलावरच सुटत होतं. एक लिटर सूपला आता मी दोन छोटे चमचे डार्क सोया, पाव चमचा मीठ आणि पाव चमचा अजिनोमोटो घालते. चार बाउल होतात. बाटलीवरचे आकडे धरून हिशेब केला तर एका बाउलमध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम येतं. रोजच्या कोट्यात बसतं, पण त्या दिवशी भाजीत मीठ बेताचंच.

माझी एक मैत्रीण म्हणाली, “म्हणजे ते ओरिजिनल मंचाव नाहीच की.” ओरिजिनल कुठलं? या सूपमागे कोलकात्याच्या टांगऱ्यात चामड्याचे कारखाने चालवणारे आणि पुढे हॉटेलं काढणारे हक्का चिनी लोक आहेत. त्यांनी आपल्या स्वयंपाकात आपली मिरची, आपली कोथिंबीर घेतली. कोलकात्याच्याच, चिनी वंशाच्या नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंच्युरियन केलं, तेही आलं-लसूण-मिरचीची आपली सुरुवात घेऊन आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घालून. १९६२ च्या युद्धानंतर याच समाजातल्या हजारो माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं होतं. तिथून सुटल्यावर अनेक जण देश सोडून गेले. जे राहिले त्यांनी आपल्याला रविवारचं चायनीज दिलं. ठाण्याच्या हॉटेलांत आज तेच सूप नेपाळ आणि दार्जिलिंगकडचे आचारी करतात. इतक्या हातांतून फिरलेल्या पदार्थावर नौपाड्यातल्या तिसऱ्या मजल्याने हात फिरवला तर बिघडलं कुठे?

शेवटचा प्रश्न नूडल्सचा होता. उकडा, सुकवा, कॉर्नफ्लोअर भुरभुरवा, तळा, एवढा खटाटोप मूठभर कुरकुरीतपणासाठी मला जड जाऊ लागला होता. एकदा तेल तापलेलं होतं आणि आईने डब्यातून उन्हाळ्यातली कुरडई काढून तळली, हाताने चुरली आणि काही न विचारता बाबांच्या बाउलवर टाकली. गव्हाच्या चिकाची कुरडई म्हणजे तरी काय, स्टार्चच्या नूडल्सच. पहिल्या अर्ध्या मिनिटात ती हॉटेलच्या नूडल्सपेक्षा सरस लागते. खमंग, हलकी, आणि सूप शोषत असतानाही आवाज करणारी. त्यानंतर मात्र तिचा लगदा होतो, म्हणून एकदम टाकायची नाही, घासागणिक टाकत जायची. बाबांना हे तंत्र लगेच जमलं. खोट एकच. कुरडईच्या चिकात मीठ असतं, आणि माझा मांडलेला हिशेब तिथे पुन्हा डळमळतो. मी तसं म्हटल्यावर आईने बाबांपुढची कुरडईची वाटी उचलून माझ्यापुढे ठेवली.

“यंदा चीक शिजवताना निम्मा बिनमिठाचा काढू,” ती म्हणाली. “आणि सोऱ्याला बारीक शेवेची चकती लाव. ही फार जाड पडते सूपला.”